वाकेन, पण तडकणार नाही!

कुणी कस्टम केलेली ॲक्शन फिगर तुमच्या हातात दिली तर आधी तिच्या तोंडाकडे बघू नका. डोळे, भुवया, छातीवरचं चिन्ह हे सगळं बारीक ब्रश आणि थोडा धीर असला की जमतं. बघायचं ते केपच्या चुणीत, पट्ट्याच्या बक्कलापाशी, हातमोज्याच्या मनगटाशी. तिथे रंग शाबूत असेल तर करणाऱ्याला काम येतं. तिथे पांढऱ्या रेघा पडल्या असतील, पापुद्रे सुटले असतील किंवा बोट लावल्यावर चिकट लागत असेल, तर समजा की कडक प्लास्टिकचा रंग बिनदिक्कत मऊ भागावर मारलेला आहे.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दुकानातून आणलेली (किंवा धाकट्या भावाची ढापलेली) फिगर घ्यायची, एकीचं डोकं दुसरीला लावायचं, एपॉक्सी पुटीने केस, दाढी, चिलखत चढवायचं आणि वरून रंगवून आपल्याला हवं ते पात्र उभं करायचं. अमेरिकेत आणि जपानमध्ये लोक यावर पोट भरतात. आमच्या होस्टेलात आम्ही चार-पाच जण आहोत, आणि का कोण जाणे, सबमिशनच्या आठवड्यात ही संख्या वाढते.

फिगरचं अंग बहुधा एबीएससारख्या कडक प्लास्टिकचं असतं. त्यावर कुठलाही बरा मॉडेल पेंट बसतो, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. खरी गंमत (आणि खरा ताप) मऊ भागांत आहे. केप, पट्टे, बूट, जाकीट, कधी कधी केससुद्धा. आपण त्यांना सरसकट 'रबर' म्हणतो. पण मित्रांनो, त्यातलं खरं रबर फारच थोडं असतं. बहुतेक वेळा ते असतं मऊ केलेलं पीव्हीसी, काही वेळा टीपीई म्हणजे थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर, आणि क्वचित सिलिकॉन किंवा लॅटेक्स. रंग विकत घ्यायच्या आधी आपल्या हातात काय आहे ते ओळखणं हे अर्धं काम आहे.

ओळखायची सोपी परीक्षा म्हणजे बाथरूममधली बादली. सुटा भाग पाण्यात बुडवा, अंगावरचे हवेचे बुडबुडे बोटाने काढा आणि सोडून द्या. मऊ पीव्हीसीची घनता पाण्यापेक्षा जास्त, साधारण १.२ ते १.३५ असते, त्यामुळे ते सरळ तळाशी जातं. टीपीई भरणा न घातलेलं असेल तर ०.९ च्या आसपास, म्हणजे तरंगतं. सिलिकॉनही बुडतं, पण ते हाताला वेगळं लागतं. दाबून सोडलं की लगेच मूळ आकारात येतं आणि त्यावर साधा सेलोटेपसुद्धा धड चिकटत नाही. ज्यांना आणखी खात्री हवी त्यांनी केमिस्ट्री लॅबमधली बाइलस्टाइन टेस्ट आठवावी: तापवलेली तांब्याची तार प्लास्टिकला टेकवून पुन्हा ज्योतीत धरली की क्लोरीनमुळे ज्योत हिरवी होते. मात्र हे लॅबमध्ये, फ्यूम हूडखाली आणि सरांना विचारून करायचं. रूममध्ये नाही. जळत्या पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा निघतात आणि त्या मेसच्या रस्स्यापेक्षाही वाईट असतात.

आता हे पीव्हीसी मऊ कसं झालं? कारण मुळात ते मऊ नसतं. आपल्या नळाचे आणि वायरिंगचे पाइप बघा, तेही पीव्हीसीच. शुद्ध पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत काचेसारखं ताठ राहतं. १९२६ साली अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन नावाचा रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला चिकटवायला काहीतरी शोधत होता. त्याने पीव्हीसी उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकांत गरम करून बघितलं. हवा तो गोंद काही मिळाला नाही, मिळाला तो एक लवचीक, जेलीसारखा पदार्थ. पुढे रेनकोट, रेक्झिन, वायरचं आवरण आणि आपली केप, सगळं त्यातूनच आलं.

यामागचं कारण समजायला मेसमधल्या गार झालेल्या नूडल्स डोळ्यांसमोर आणा. एकमेकींना चिकटून त्यांचा गठ्ठा झालेला असतो. त्यात तेल सोडलं की त्या सुटतात आणि घसरायला लागतात. पीव्हीसीच्या रेणूंच्या लांब साखळ्यांमध्ये असंच 'तेल' घातलेलं असतं. त्याला प्लास्टिसायझर म्हणतात, आणि खूप मऊ वस्तूंमध्ये ते वजनाच्या तीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत असू शकतं. महत्त्वाचा मुद्दा असा की ते साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं. ते नुसतं आत राहतं, भाडेकरूसारखं. आणि भाडेकरू कधी तरी घर बदलतोच.

याचा पुरावा तुम्ही सगळ्यांनी शाळेत पाहिलेला आहे. कंपासपेटीत खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीवर पडून राहिला, सुट्टी संपल्यावर पेटी उघडली, तर खोडरबर पट्टीला चिकटलेला आणि ओढून काढल्यावर पट्टीवर खड्डा! आई म्हणायची, "उन्हात ठेवलीस ना पेटी?" ऊन हे निमित्त. पांढरा खोडरबर बहुधा मऊ पीव्हीसीचाच असतो. त्यातलं प्लास्टिसायझर पट्टीच्या पॉलिस्टायरिनमध्ये शिरतं आणि पट्टीच मऊ करून टाकतं. म्हणून तर चांगल्या खोडरबरावर कागदाची पट्टी गुंडाळलेली असते. ती निव्वळ शोभेची नाही.

पट्टीच्या जागी आता रंगाचा थर ठेवा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा स्प्रे, म्हणजे इनॅमल, मऊ केपवर मारला की पहिल्या दिवशी झकास दिसतो. पण खालचं प्लास्टिसायझर हळूहळू त्या थरात चढतं. इनॅमलची फिल्म हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट व्हायची असते, ती आतून मऊ होत राहते. परिणाम, आठवड्याने चिकट, महिन्याने चिकट, पुढच्या सेमिस्टरलाही चिकट. त्यावर धूळ बसते, बोटांचे ठसे उमटतात. लोक म्हणतात अजून वाळायचं आहे. तो रंग वाळणार नाही, पंख्याखाली ठेवा नाहीतर गच्चीवर. यावर पावडर मारणे किंवा वरून आणखी एक कोट देणे हे उपाय म्हणजे गळक्या नळाला रंग देण्यासारखे आहेत. चिकटपणा झाकतो, जात नाही.

ही झाली पहिली भानगड, रसायनाची. दुसरी आपल्या एस.ओ.एम.च्या पेपरातली आहे.

समजा केप दीड मिलीमीटर जाड आहे आणि तुम्ही ती पेन्सिलीभोवती गुंडाळली. पेन्सिलीचा व्यास ७ मि.मी. धरा, म्हणजे आतली त्रिज्या ३.५. न्यूट्रल ॲक्सिस मधोमध, म्हणून त्याची त्रिज्या ४.२५. बाहेरच्या पृष्ठभागावरचा स्ट्रेन म्हणजे वाय भागिले आर, ०.७५ भागिले ४.२५. उत्तर जवळजवळ १८ टक्के! इंचभर जाडीच्या पाइपभोवती गुंडाळली तर तोच स्ट्रेन पावणेसहा टक्क्यांच्या आत येतो, आणि रिफिलीभोवती (व्यास ३ मि.मी.) गुंडाळली तर ३३ टक्क्यांवर जातो. मऊ पीव्हीसीला याचं काहीच वाटत नाही, ते दोनशे टक्केसुद्धा ताणलं जातं. पण वर बसलेल्या रंगाला तेवढंच ताणून घ्यावं लागतं, त्याची इच्छा असो वा नसो. कडक लॅकर किंवा जुनं इनॅमल काही टक्क्यांतच हात टेकतं. 'मोडेन पण वाकणार नाही' हा बाणा माणसाला शोभतो, केपवरच्या रंगाला नाही.

आतल्या बाजूला नेमकं उलटं होतं. तिथे रंग दाबला जातो, सुरकुततो आणि पापुद्रा होऊन सुटतो. म्हणून केपची आतली बाजू दिसत नसेल तर ती रंगवू नये. उगाच दोन्हीकडून दुखणं कशाला?

जाडीचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे पैसे लागत नाहीत, फक्त शिस्त लागते. ताणलेल्या थरात साठणारी ऊर्जा त्याच्या जाडीच्या प्रमाणात वाढते. भेग पुढे सरकायला किंवा थर सुटायला लागणारी ऊर्जा मात्र जवळपास तेवढीच राहते. म्हणजे तोच रंग, तोच स्ट्रेन, पण थर दुप्पट जाड केला तर तडा जायला दुप्पट इंधन मिळालं. पातळ थर म्हणूनच वाचतो. रंग पूर्ण झाकला जाईपर्यंत लेप चढवत राहायची सवय सोडा. काळ्या केपवर पिवळा रंग आणायचा हट्ट धरला की आठ-दहा कोट लागतात, आणि तिथेच कामाचा निकाल लागतो. मुळात पिवळट किंवा पांढरी केप शोधा. डब्यात पडलेल्या दहा सुट्या केपांतून योग्य रंगाची निवडणं ही माझ्या मते ब्रशकामापेक्षा मोठी कला आहे.

मग रंग कोणता? माझं मत सरळ आहे: पाण्यातला ॲक्रिलिक. यात ॲक्रिलिक रेझिनचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून सलग फिल्म बनते. रेझिन शुद्ध असेल तर ती फिल्म खोलीच्या तापमानाला मूळ लांबीच्या दीडपट-दुप्पट सहज ताणली जाते. त्यात कपड्यावर रंगवायचे ॲक्रिलिक आणखी बरे, कारण कापड धुतलं, पिळलं, घडी घातली तरी रंग टिकावा हाच त्यांचा हेतू असतो. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात फेविक्रिलच्या छोट्या बाटल्या मिळतात. आई-मावश्यांनी साड्यांवर, उशांच्या अभ्ऱ्यांवर ज्यांनी फुलं काढली, तेच रंग. परदेशी मॉडेल पेंटच्या एका बाटलीच्या किमतीत त्यांचे बरेच रंग येतात, आणि केपपुरतं बोलायचं तर मला तेच जास्त आवडतात.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. रंग पातळ करायला नुसतं पाणी ओतत बसू नका. पाण्याने रेझिनचं प्रमाण विरळ होतं आणि थर ठिसूळ होतो. त्याऐवजी फॅब्रिक मीडियम किंवा ॲक्रिलिक मीडियम मिसळा, म्हणजे रंगद्रव्याच्या मानाने रेझिन वाढतं. आणि दुसरं, एकदम मॅट किंवा सोनेरी-चंदेरी रंग चुणीच्या जागी टाळा. त्यांच्यात भुकटीचा भाग जास्त आणि तिला धरून ठेवणारं रेझिन कमी असतं. सोनेरी रंग बक्कलावर द्यावा. बक्कल वाकत नाही.

पांढरा फेव्हिकॉल मिसळून 'लवचीक' करायची एक युक्ती होस्टेलात फिरते. करू नका. त्याची फिल्म पाण्याने परत मऊ पडते आणि घामट हातात त्या फिगरचं काय होईल ते सांगायला नको.

थंडीबद्दल एक सूचना. या ॲक्रिलिक फिल्म्सचं काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली त्या कडक होतात ते, खोलीच्या तापमानाच्या खाली असलं तरी फार खाली नसतं. मे महिन्यात मजेत वाकणारी केप डिसेंबरच्या पहाटे पुण्या-नाशकात तडकू शकते. रबरजातीच्या वस्तूंचं थंडीत काय होतं हे १९८६ साली रिचर्ड फाइनमन यांनी सगळ्या जगाला दाखवलं होतं. चॅलेंजर यानाच्या चौकशीत त्यांनी ओ-रिंगच्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला, आणि चिमटा सोडल्यावर तो लगेच पूर्वस्थितीला येईना. आपलं प्रकरण तेवढं गंभीर नाही, पण थंडीत फिगरला पोज द्यायच्या आधी केप दोन मिनिटं तळहातात धरावी.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यात आधी धुणं. साच्यातून माल सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा तवंग नव्या भागावर असतो, जुन्यावर हातांचं तेल आणि बाहेर आलेलं प्लास्टिसायझर. भांडी घासायचा द्रव साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घ्या. दहा मिनिटं घासा, भरपूर पाण्याने धुवा, वाळवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा एकदा फिरवा. पाण्याचा थेंब टाकून बघा: तो मण्यासारखा गोल राहिला तर अजून तेलकट आहे, थोडा पसरला तर पुढे जा. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर या टप्प्याला आणूच नका. ॲसिटोन पीव्हीसीला फुगवतो, आतलं प्लास्टिसायझर ओढून नेतो, आणि मागे राहतो तो आक्रसलेला, ताठ तुकडा. शेजारी एबीएसचं अंग असेल तर तेही वितळतं.

केप निघत असेल तर काढूनच रंगवा. निघत नसेल तर गरम पाण्यात मिनिटभर बुडवा, सांध्याजवळचं प्लास्टिक सैल पडतं आणि न तुटता सुटतं. (पाणी मेसमधून मागून आणावं. रेक्टर सर हा अंक वाचतात, त्यामुळे रूममध्ये कॉइल कुणाकडे आहे याची चर्चा नको.)

रंग ब्रशने न ओढता स्पंजच्या तुकड्याने टिपत लावला तर थर पातळ आणि सारखा बसतो. पहिला थर डागाळ दिसतो, घाबरू नका. दुसरा द्या, फार तर तिसरा. प्रत्येक थरानंतर थांबा. ॲक्रिलिक अर्ध्या तासात हाताला कोरडा लागतो, पण आतले कण पूर्ण एकजीव व्हायला दिवस जातात, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तर विचारायलाच नको. पावसाळ्यात मी आठवडाभर भाग वाकवत नाही. शेवटी पाण्यातलंच वार्निश, एक पातळ हात. स्प्रेच्या डब्यातलं वार्निश मारलं की ज्या चिकटपणातून सुटलो त्यातच परत गेलो.

ही सगळी खटपट केपच्या मुख्य भागावर करण्याआधी आतल्या कोपऱ्यात नखाएवढी जागा रंगवून तपासा. ब्लेडने हलक्या हाताने आडव्या-उभ्या रेघा मारून जाळी करा, त्यावर सेलोटेप दाबून झटकन ओढा. चौकोन टेपबरोबर आले तर धुण्यात कसर राहिली. मग तो कोपरा पाइपभोवती, नंतर पेन्सिलीभोवती, शेवटी रिफिलीभोवती वाकवा. रंगाच्या कारखान्यांतल्या प्रयोगशाळेत याच दोन चाचण्या क्रॉस-हॅच आणि मॅन्ड्रेल बेंड या नावाने होतात. फरक इतकाच की त्यांच्याकडे मॅन्ड्रेलचा संच असतो आणि आपल्याकडे ट्रायमॅक्सची रिफिल.

आणखी एक मार्ग आहे, जो जपानी लोकांनी फार पूर्वी धरला. तिथे मऊ व्हिनाइलच्या पोकळ खेळण्यांना 'सोफुबी' म्हणतात, सॉफ्ट व्हिनाइलचंच ते जपानी तोंडातलं रूप. १९६६ साली मारुसान कंपनीने गॉडझिला आणि इतर राक्षसांच्या अशा बाहुल्या काढल्या आणि पोरांनी त्या डोक्यावर घेतल्या. या खेळण्यांवर लागतो तो रंगच व्हिनाइल रेझिनचा असतो. त्यातला द्रावक पृष्ठभागाला किंचित विरघळवतो आणि रंग वर न बसता आत रुजतो. खालचं प्लास्टिसायझर वर चढलं तरी बिघडत नाही, कारण थरही त्याच जातीचा. पाहुणा ओळखीच्याच घरी आला! आपल्याकडे याचा जवळचा नातेवाईक स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे असतो, पीव्हीसी स्टिकर छापायची शाई. टिकाऊपणात ती ॲक्रिलिकच्या पुढे आहे हे मान्य. पण तिच्या द्रावकांचा वास डोक्यात जातो, ते पेट घेतात, आणि तीन जणांच्या रूममध्ये दारं-खिडक्या लावून हे करणं हा मूर्खपणा आहे. गच्चीवर, हातमोजे घालून, थोड्या प्रमाणात केलं तर ठीक.

खऱ्या लॅटेक्ससाठी सिनेमाच्या मेकअपवाल्यांची रीत आहे. ते ॲक्रिलिक रंगात त्वचेला मुखवटे चिकटवायचा लवचीक गोंद मिसळतात, म्हणजे रंग चेहऱ्याबरोबर हसतो-रडतो. सिलिकॉनचा विषय एका वाक्यात संपतो: सिलिकॉनला सिलिकॉनशिवाय काही चिकटत नाही, त्यामुळे रंगद्रव्य सिलिकॉनमध्येच कालवून लावावं लागतं.

थरच नको, रंग आतच मुरवू, असा विचार हुशार मंडळींच्या मनात आला असेल. येऊ द्या, तो बरोबर आहे. रंजकद्रव्य मऊ पीव्हीसीत मुरतं, आणि जिथे थरच नाही तिथे तडकणार काय? फक्त रंग गडदच करता येतो, फिका नाही. आणि जे मुरतं ते फिरतंही. परमनंट मार्करने केपवर नाजूक नक्षी काढली तर काही महिन्यांत रेघा पसरून धूसर होतात, कारण शाईचे रेणू प्लास्टिसायझरच्या वाटेने चालत राहतात. लहान बहिणीने बाहुलीच्या गालावर बॉलपेनने काढलेला तीळ कशानेच का निघत नाही, याचं उत्तरही तेच. म्हणून मार्कर सावलीसाठी वापरा, रेघेसाठी नको.

इथवर सगळं तंत्राचं झालं. पण गेल्या वर्षी एक काम आलं, तिथे प्रश्न तंत्राचा नव्हता.

आमच्या होस्टेलचे रात्रपाळीचे वॉचमनकाका एक जुनं खेळणं घेऊन आले. जत्रेतून घेतलेला कुणीतरी मुखवटेवाला वीर, पाठीवर लाल केप. केप फिकी पडलेली, तेलकट, चिकट, धुळीने काळी. "आमच्या मुलाचं आहे हे, त्याच्या लहानपणचं," काका म्हणाले. "आता नातीला द्यायचंय. तुम्ही पोरं रंगवता ना? दे की जरा लाल करून."

"नात केवढी आहे, काका?"

"दीड वर्षाची. दात येताहेत, हातात येईल ते तोंडात घालते बघ."

मी रंगवून द्यायला नाही म्हणालो. काकांना वाटलं मला वेळ नाही, किंवा पैसे हवेत. मग त्यांच्या टेबलाशी बसून सांगितलं. तो चिकटपणा म्हणजे आतून बाहेर आलेलं प्लास्टिसायझर. त्या काळात ते बहुधा थॅलेट गटातलं असायचं. त्यातल्या काहींचा शरीरातल्या हार्मोन्सवर परिणाम होतो म्हणून युरोपने २००५ च्या कायद्याने लहान मुलांच्या खेळण्यांत सहा थॅलेटांवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, त्यातल्या तिघांवर फक्त तोंडात जाऊ शकणाऱ्या खेळण्यांसाठी. अमेरिकेने २००८ मध्ये तसाच कायदा केला. भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आय.एस.आय. खूण सक्तीची झाली ती १ जानेवारी २०२१ पासून. काकांचं खेळणं या सगळ्याच्या आधीचं. त्यावरच्या मूळ रंगात शिसं आहे की नाही, कुणाला ठाऊक? आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर आली तीच २०१७ मध्ये. आणि माझा रंग कितीही चांगला असला तरी तो कापडासाठी आहे, दात येणाऱ्या बाळाने चघळण्यासाठी नाही. तो प्लास्टिसायझरला अडवतही नाही.

काका थोडा वेळ गप्प बसले. "म्हणजे फेकून देऊ म्हणतोस?"

फेकायचं कशाला? केप कापून काढली, अंग साबणाने दोनदा धुतलं आणि लाल कापडाची नवी केप शिवून दिली. कापडाची केप हे काही माझं डोकं नाही. १९७८ साली केनर कंपनीने स्टार वॉर्समधल्या जावाची छोटी फिगर आधी व्हिनाइलच्या केपसह काढली आणि लवकरच ती बदलून कापडी केली. आज त्या सुरुवातीच्या व्हिनाइल केपसाठी संग्राहक वेड्यासारखे पैसे मोजतात, ही त्यातली गंमत. काकांना एवढंच सांगितलं की नात वस्तू तोंडात घालायची बंद होईपर्यंत वीराला कपाटावर उभा ठेवा, तिला दिसू दे, हाताला येऊ देऊ नका. तो सध्या त्यांच्या टीव्हीशेजारी उभा आहे. नातीला काकांनी लाकडाचा खुळखुळा आणला.

तेव्हापासून मी कुणाचंही काम घ्यायच्या आधी हे कोण हाताळणार ते विचारतो. मोठ्याच्या शेल्फवर राहणार असेल तर वर सांगितलेलं सगळं करा. मूल खेळणार असेल तर मऊ भागाला ब्रश लावू नका. कापड, किंवा मूळ रंगातच मिळणारा नवा भाग, हे दोनच पर्याय.

रंगवलेल्या फिगर ठेवण्याबद्दल राहिलंच. दोन मऊ भाग एकमेकांना टेकवून ठेवू नयेत, रंगवलेले तर नाहीच. उन्हाळ्यात ट्रंकेत ते एकमेकांना बिलगतात. प्लास्टिकच्या डब्यात थेट कोंबू नयेत, खोडरबर आठवा. केप घडी न घालता मोकळी ठेवावी, घडीच्या जागी महिनोन्महिने एकच स्ट्रेन राहतो. सुट्टीत घरी जाताना पांढऱ्या सुती कापडात किंवा बटर पेपरात गुंडाळा. वर्तमानपत्रात गुंडाळायचा मोह होतो, पण छपाईची शाई मऊ व्हिनाइलमध्ये छान मुरते, आणि जुलैत परत आल्यावर तुमच्या वीराच्या पाठीवर मे महिन्यातल्या छोट्या जाहिराती उलट्या अक्षरांत वाचायला मिळतात.